लहान मुलाचा एक्झिमा : घरी रोज काय करायचं आणि कसं

बाळाच्या गालांवर खरखरीत चट्टे उठतात. काही महिन्यांनी तेच चट्टे कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे दिसू लागतात. डॉक्टर सांगतात, ॲटॉपिक डर्माटायटिस आहे, म्हणजे एक्झिमा. हातात दोन-तीन ट्यूबा येतात आणि घरी पोचल्यावर प्रश्न सुरू होतात. किती लावायचं? थांबवायचं कधी? हे जाणार कधी? हा लेख अशा घरांसाठी आहे. मी अशाच एका मुलीची आई आहे, डॉक्टर नाही. कोणतं औषध द्यायचं आणि किती ताकदीचं, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्या औषधाच्या आजूबाजूला घरात जे काम असतं, त्याबद्दल मी लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्वचा छान दिसते त्या दिवसांत तुम्ही काय करता, यावर पुढचे आठवडे ठरतात. चट्टे भडकले की सगळं घर धावतं. अंग मऊ आहे, खाज नाही, मूल हसतंय, अशा दिवशी मॉइश्चरायझर राहून जातं आणि पुढचा त्रास बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

पायरी १ : हा एक्झिमाच आहे ना, ते नक्की करा

एक्झिमा बऱ्याच मुलांना पहिल्या वर्षातच सुरू होतो. तान्ह्या बाळाचे गाल, डोकं आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजू आधी कोरड्या पडतात. मूल चालायला लागल्यावर चट्टे मनगटं, घोटे, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या इथे सरकतात. डायपरखालची जागा सहसा वाचते. खाज मात्र असतेच. खाज अजिबात नसेल, तर निदानाबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारा.

दोन आजार वरवर सारखे दिसतात. एक खरूज: घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल, बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरा नायटा: कडेने उठलेली आणि मधे साफ अशी गोल चकती. नायट्यावर स्टिरॉइड लावलं तर तो पसरतो आणि त्याचं रूपही बदलतं, म्हणून घरात पडलेली कुठलीतरी ट्यूब अंदाजाने लावून बघू नका.

त्वचा सावळी असेल तर आणखी एक अडचण येते. एक्झिमाचे बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतात आणि त्यात चट्टे लालभडक दिसतात. सावळ्या अंगावर तेच चट्टे तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतात; कधी नुसते बारीक उंचवटे येतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा. त्वचा खरखरीत, जाड किंवा गरम लागते का ते बघा. चट्टा बरा झाल्यावर तिथे फिकट किंवा गडद डाग राहतो. तो कोडाचा डाग नव्हे. आतली सूज ओसरल्याची ती खूण असते आणि काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत रंग परत येतो. पण फिकट डाग दिसला की पुष्कळ घरांत "ट्यूबने डाग पडला" असं म्हणून औषधच बंद करतात. मग चट्टे पुन्हा उठतात.

हे का होतं, तेही थोडक्यात. निरोगी त्वचा आतलं पाणी धरून ठेवते आणि बाहेरच्या गोष्टी बाहेर ठेवते. एक्झिमा असलेल्या मुलांत हे काम जन्मतःच कमकुवत असतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिलाग्रिन हे त्वचेचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला दोष हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. पाणी उडून जातं, त्वचा कोरडी पडते, त्रासदायक कण आत शिरतात, सूज येते, खाज सुटते. मूल खाजवतं, त्वचा आणखी फाटते आणि खाज आणखी वाढते. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असेल, तर शक्यता जास्त असते. गरोदरपणी आईने काय खाल्लं, बाळाला कुणी घेतलं, स्वच्छता कमी पडली का, असल्या प्रश्नांत स्वतःला जाळून घेऊ नका. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हेही येणाऱ्या-जाणाऱ्यांना निःसंकोच सांगा.

पायरी २ : अंघोळ छोटी, कोमट आणि बिनफेसाची

पाणी कोमट हवं, अंघोळ ५ ते १० मिनिटांत उरकायला हवी. गरम पाण्याने खाज तात्पुरती शमल्यासारखी वाटते आणि नंतर दुप्पट होते. साबणाऐवजी बिनसाबणाचं सौम्य क्लिंझर वापरा, तेही जिथे मळ किंवा घाम असतो तिथेच. पंचा, जाळी, ब्रश यांनी अंग घासू नका. अंघोळीच्या पाण्यात घालायची तेलकट द्रावणं मिळतात. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नेहमीची काळजी चालू असताना अशा द्रावणांचा वेगळा फायदा दिसला नाही. तो खर्च थेट अंगाला लावायच्या मॉइश्चरायझरवर करा.

अंग पुसताना टॉवेल नुसता टेकवायचा. त्वचा जराशी ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, पुढची पायरी सुरू झाली पाहिजे. म्हणून मॉइश्चरायझरचा डबा, ट्यूब, कपडे हे सगळं अंघोळीच्या आधी जवळ मांडून ठेवा. ओलं मूल कडेवर आणि आपण कपाटात डबा शोधतोय, अशा वेळी ती मिनिटं वाया जातात.

पायरी ३ : मॉइश्चरायझर, आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी पट

या आजाराचं रोजचं औषध हेच. ते अंगभर लावायचं असतं, चट्टे नसलेल्या भागावरही. दिवसातून किमान दोनदा, आणि कोरडं वाटेल तेव्हा आणखी.

लहान मुलाला आठवड्याला साधारण २५० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. अंगभर कोरडेपणा असेल तर ५०० ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं; अगदी तान्ह्या बाळाला थोडं कमी पुरतं. तुमच्या घरात ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर टिकत असेल, तर मॉइश्चरायझर लागतच नाहीये असं समजा. औषधाचा उपयोग होत नाही अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाण्याआधी ट्यूब किती दिवसांत संपते ते मोजा.

लावण्याची रीत अशी. डब्यातून घेताना स्वच्छ, कोरडा चमचा वापरा. बोटं आत बुडवली की जंतू आत जातात. पंपाची बाटली असेल तर ही काळजी नको. पोट, पाठ, हात, पाय यांवर जागोजागी ठिपके ठेवा आणि हात वरून खाली, अंगावरचे केस ज्या बाजूला झुकतात त्या बाजूला, सावकाश फिरवा. चोळून जिरवायला जाऊ नका. उलट्या दिशेने रगडलं की केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येतात. लावून झाल्यावर त्वचा थोडा वेळ चमकत राहिली पाहिजे. ती लगेच कोरडी दिसली तर प्रमाण कमी पडलं.

क्रीम घ्यावं, लोशन घ्यावं की ऑइंटमेंट, यावर घराघरांत वाद होतात. २०२२ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ५५० मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट असे चार प्रकार वाटून दिले होते. परिणामाच्या बाबतीत चौघांत फरक आढळला नाही. म्हणजे तुमचं मूल जे लावू देतं आणि तुम्हाला जे रोज भरपूर लावणं जमतं, ते तुमच्यासाठी चांगलं. जाड ऑइंटमेंट झोंबत नाही, पण चिकट असतं. क्रीम पटकन मुरतं, पण फाटलेल्या जागी झोंबू शकतं. आम्ही दिवसा क्रीम आणि रात्री ऑइंटमेंट अशी वाटणी केली.

डब्यावर "फ्रेग्रन्स-फ्री", म्हणजे सुगंधी द्रव्य नसलेलं, असं लिहिलेलं बघा. "अनसेंटेड" (वास नसलेलं) याचा अर्थ तोच असेल असं नाही. काही वेळा मूळचा वास झाकायला दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असतं. युरिया असलेली क्रीमं लहान मुलांना झोंबतात. "नैसर्गिक" शब्दाला भुलू नका, वनस्पतींच्या अर्कांचीही ॲलर्जी होते. खाण्याचं तेल हाही पर्याय समजू नका. ऑलिव्ह तेल नेमाने लावल्याने त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत होतं, असं मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. नवीन काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्या जागी चार दिवस लावून बघा, मगच अंगभर लावा.

ज्यांना लाळ फार गळते अशा बाळांसाठी एक उपाय आहे. भरवण्याआधी ओठांभोवती आणि हनुवटीवर पेट्रोलियम जेलीचा थर द्या. अन्न आणि लाळ थेट त्वचेला लागत नाही. भरवून झाल्यावर ओल्या मऊ कपड्याने टिपा आणि पुन्हा थर द्या.

आणि ही सूचना कृपा करून वाचून सोडून देऊ नका. पॅराफिन किंवा तेलाचा अंश असलेली ही सगळी मलमं कपड्यांत, चादरीत मुरत जातात आणि तसं कापड आगीजवळ गेलं तर झपाट्याने पेटतं. धुतल्यावरही सगळा अंश निघत नाही. मलम लावलेलं मूल शेगडी, मेणबत्ती, दिवा, पेटती सिगरेट यांच्या जवळ जाता कामा नये. लावणाऱ्या माणसाच्या कपड्यांनाही हेच लागू आहे. न्हाणीघराची फरशी मलमाने निसरडी होते, तिथेही जपा.

पायरी ४ : स्टिरॉइडची ट्यूब घाबरून नको, मोजून वापरा

स्टिरॉइड हा शब्द ऐकला की घरातली मोठी माणसं हादरतात. भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी मूल महिनोन्‌महिने खाजवत राहतं. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिझोन १९५२ सालापासून वापरात आहे. त्याचे फायदे काय आणि तोटे कधी होतात, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. त्वचा पातळ होण्याचा धोका खरा आहे. तो येतो कडक स्टिरॉइड, चुकीच्या जागी, देखरेखीशिवाय, लांबलचक काळ लावल्याने. म्हणूनच चेहऱ्याची ट्यूब वेगळी आणि सौम्य असते, अंगाची वेगळी. ट्यूबांवर मार्करने मोठ्या अक्षरांत "चेहरा" आणि "अंग" लिहून ठेवा. रात्री झोपेत असलेल्या माणसाच्या हातूनही मग गल्लत होत नाही.

आता प्रमाण. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. ५ मिलिमीटर तोंडाची नेहमीची ट्यूब असेल, तर ती रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. एवढं औषध मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या पावलासकट एका पूर्ण पायावर चट्टे असतील, तर अशा दोन रेघा लागतात, एका हाताला दीड. नखाच्या टोकावर जेमतेम ठिपका घेऊन तो पायभर ताणायचा, असं पुष्कळ जण करतात. त्याने औषध पोचत नाही, चट्टा जात नाही, आणि शेवटी स्टिरॉइड जास्त दिवस लावावं लागतं.

दुसरी गोष्ट, थांबायचं कधी. लाली गेली म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ट्यूब ठेवून देऊ नका. वरून शांत दिसणाऱ्या त्वचेत सूज राखेखालच्या निखाऱ्यासारखी असते. डोळे मिटून चट्ट्यावर बोट फिरवा. आसपासच्या त्वचेसारखं मऊ लागतं का? खाज गेली का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर तो भडका आटोक्यात आला. काही मुलांचे चट्टे त्याच जागी पुन्हापुन्हा उठतात. अशा वेळी, त्वचा साफ असतानाही त्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस औषध लावत राहायला डॉक्टर सांगतात. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामुळे भडके कमी होतात आणि वर्षाचा हिशोब केला तर औषध अनेकदा कमीच लागतं. तुमच्या मुलाला हे लागू आहे का, ते विचारा.

आधी मॉइश्चरायझर की आधी स्टिरॉइड? क्रम डॉक्टर सांगतील तो ठेवा. दोन्हींच्या मधे १५-२० मिनिटं जाऊ द्या, म्हणजे एकामुळे दुसरं पातळ होऊन भलतीकडे पसरत नाही.

चेहरा, पापण्या, मान अशा नाजूक जागी वारंवार त्रास होत असेल, तर टॅक्रोलिमससारखं बिनस्टिरॉइडचं मलम दोन वर्षांपुढच्या मुलांना देतात. पहिले काही दिवस ते चुरचुरतं, मग सवय होते. हे आधी माहीत असलं की पहिल्याच दिवशी मूल रडलं म्हणून ट्यूब फेकली जात नाही.

चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मिश्र क्रीमं मुलाला लावू नका. त्यांत बरेचदा मुलांच्या त्वचेला न झेपणारं कडक स्टिरॉइड असतं. "यात स्टिरॉइड मुळीच नाही" असं सांगून दिलेलं, घटकांची यादी नसलेलं मलम दोन दिवसांत जादू करत असेल, तर संशय घ्या आणि ते डॉक्टरांना दाखवा.

पायरी ५ : रात्र

दिवसभर खेळण्यात मन रमलेलं असतं. खाज खरी वाढते ती अंथरुणात. आमच्याकडे अंधारात पहिला आवाज यायचा तो एका टाचेने दुसरा घोटा घासल्याचा, मग चादरीवर पाय ओढल्याचा, आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर बारीक रक्ताचे ठिपके. ज्या घरात हे चालू आहे तिथल्या माणसांना दुपारी साध्या बोलण्याने रडू येतं, त्यात नवल नाही. झोपमोड हा या आजाराचाच भाग आहे. डॉक्टरांना चट्टे दाखवता तशी झोपेची परिस्थितीही सांगा.

झोपायच्या तासभर आधी औषध आणि मॉइश्चरायझर, डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने. खोली थंडसर, पांघरूण हलकं, कपडे मऊ सुती. कपड्यांची लेबलं कापून टाका, जाड शिवण अंगाला लागत असेल तर कपडा उलटा घाला. लोकर थेट अंगाला नको. नखं आठवड्यातून दोनदा कापा आणि कापल्यावर कानसून घ्या, कारण नुकत्याच कापलेल्या नखाची कड जास्त ओरखडते. तान्ह्यांना सुती हातमोजे चालतात. मोठी मुलं ते काढून फेकतात, त्यांना बाह्या पुढून शिवलेला शर्ट बरा.

मूल खाजवत उठलं की "खाजवू नकोस" म्हणण्याचा काही उपयोग नसतो. खाज ही इच्छा नसते. थंड पाण्यात पिळलेला मऊ कपडा त्या जागी धरा, तळव्याने दाबून ठेवा, वरून मॉइश्चरायझर लावा. मॉइश्चरायझर फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर आणखी बरं वाटतं. दिवसा मुलाच्या हाताला काम द्या: चिकणमातीचा गोळा, ठोकळे, चेंडू. फार भडकलेल्या दिवसांत डॉक्टर ओल्या पट्ट्या सुचवतात. औषध-मॉइश्चरायझर लावून त्यावर कोमट पाण्यात पिळलेला घट्ट सुती कपडा, त्यावर कोरडा. ही पद्धत एकदा डॉक्टर किंवा नर्सकडून करून बघूनच घरी करा. जंतुसंसर्ग झालेल्या त्वचेवर ती करत नाहीत, आणि आत स्टिरॉइड असेल तर ते जास्त शोषलं जातं. झोप आणणारी ॲलर्जीची सिरपं एक्झिमाची खाज फारशी थांबवत नाहीत. ती दिलीच तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, त्यांना रोजची सवय करू नका.

आणि जागरणाची पाळी लावा. एकाच माणसाने सगळ्या रात्री उठायचं असं ठरून जातं, कुणी न ठरवता. आठवड्यातल्या काही रात्री दुसऱ्याने उठायचं, पहिल्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. उठणाऱ्याला मलमाची रीत माहीत हवी, म्हणून ती दोघांनीही दिवसा उजेडी शिकून घ्या.

पायरी ६ : या खुणा दिसल्या तर थांबू नका

चट्टे ओले झाले, त्यांवर मधासारखी पिवळी खपली धरली, पू आला, जागा गरम आणि दुखरी झाली, तर जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप असेल तर लगेच.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे नागिणीच्या जातीतल्या हर्पीस विषाणूचा संसर्ग. ओठांवर तापाचे बारीक फोड येतात, ते याच विषाणूमुळे. एक्झिमाच्या त्वचेवर तो झपाट्याने पसरतो. सारख्या आकाराचे बारीक फोड घोळक्याने येतात, फुटून टोचा मारल्यासारखे गोल खड्डे पडतात, खाजेपेक्षा वेदना जास्त असते, मूल तापाने मलूल होतं. हे दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, दवाखान्यात जा. डोळ्याजवळ असेल तर एक तासही थांबू नका. विषाणूवरचं औषध लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं. ओठावर असे फोड आलेल्या कुणालाही, मग ती आजी असो वा मावशी, बाळाचा पापा घेऊ देऊ नका.

लसी मात्र ठरल्या वेळी द्या. एक्झिमा आहे म्हणून नेहमीच्या लसी पुढे ढकलायचं कारण नाही; मूल गोळ्या-इंजेक्शनची काही खास औषधं घेत असेल तरच आधी विचारा.

पायरी ७ : खाणं बंद करण्याआधी

जो येतो तो एक पदार्थ बंद करायला सांगतो. सगळ्यांचं ऐकलं तर मुलाच्या ताटात काही उरणार नाही. बहुतेक मुलांत एक्झिमाचं मूळ ताटात नसतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, उलट्या, खोकला, श्वास लागणं, ही ॲलर्जीची लक्षणं, आणि श्वास लागत असेल तर ती तातडीची वेळ. नुसत्या रक्ताच्या तपासणीत एखादा पदार्थ "पॉझिटिव्ह" आला म्हणून तो बंद करू नका. खाऊन काहीच न होणाऱ्या मुलांचीही तपासणी तशी येते. डॉक्टरांशिवाय महिनोन्‌महिने पदार्थ बंद ठेवले तर वाढ खुंटते, आणि काही मुलांत तो पदार्थ पुन्हा दिल्यावर आधी नव्हती अशी तीव्र ॲलर्जी येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर उलटच दिसलं. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा खाण्यात दिला, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण खूपच घटलं. तीव्र एक्झिमा असलेल्या बाळाला असं काही पहिल्यांदा द्यायचं ते डॉक्टरांना विचारून, आणि अख्खा दाणा कधीच नाही.

पायरी ८ : घरातली माणसं आणि शाळा

रोजचा क्रम एका कागदावर तीन भागांत लिहा: रोज काय, भडकल्यावर काय, दवाखान्यात कधी. डॉक्टरांकडूनच लिहून घेतलंत तर उत्तम. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आजी-आजोबा सांभाळत असतील, तर त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना एका भेटीला बरोबर न्या. स्टिरॉइडबद्दलची शंका त्यांनी स्वतः विचारली आणि डॉक्टरांनी उत्तर दिलं, की घरातला ताण हलका होतो.

मलम लावणं ही शिक्षा होऊ देऊ नका. दीड-दोन वर्षांचं मूलसुद्धा स्वतःच्या पोटावर ठिपके देऊ शकतं. आधी उजवा हात की डावा, हे त्याला ठरवू द्या. माझी मुलगी आधी बाहुलीला लावायची, मग बाहुलीच्या सांगण्यावरून स्वतःला लावून घ्यायची. त्यात पाच मिनिटं जास्त गेली तरी झटापट वाचायची. भावंड असेल तर त्यालाही त्याच वेळी थोडं लावा, आणि दिवसातला काही वेळ असा ठेवा की जिथे त्वचेचा विषय निघणार नाही. मुलासमोर "काय हे अंग झालंय" असं कुणीही म्हणू नये, हे पाहुण्यांनाही सांगायला लाजू नका.

पाळणाघरात किंवा शाळेत चार ओळींची चिठ्ठी द्या. हा आजार पसरत नाही; साबणाऐवजी दिलेलं क्लिंझर वापरा; रंग, वाळू, माती खेळण्याआधी हाताला मॉइश्चरायझर आणि नंतर हात धुऊन पुन्हा मॉइश्चरायझर; घाम आला तर ओल्या कपड्याने टिपून कपडे बदला. मूल वर्गात पेंगत असेल, चिडचिड करत असेल, तर रात्री झोप झालेली नसते हेही शिक्षकांना सांगा. पोहायला जाऊ द्या. आधी मॉइश्चरायझरचा थर, नंतर लगेच साध्या पाण्याने अंघोळ आणि पुन्हा थर.

पायरी ९ : नोंद ठेवा आणि पुढची भेट नीट वापरा

स्मरणशक्ती या आजारात दगा देते. वाईट आठवडा चालू असला की कधी बरं नव्हतंच असं वाटतं. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात तयार झालेली पोएम नावाची सात प्रश्नांची पद्धत डॉक्टर वापरतात. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज, झोपमोड, रक्त येणं, पाणी झरणं, त्वचा फाटणं, पापुद्रे सुटणं आणि कोरडेपणा होता? एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज ४. बेरीज ० ते २८ मधे येते. ८ ते १६ म्हणजे मध्यम, १७ पासून पुढे तीव्र. दर आठवड्याला एकाच दिवशी हा आकडा लिहा. त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात फोटो काढा, कारण भेटीच्या दिवशी त्वचा नेमकी छान असते.

भेटीला जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, कुणी सुचवल्या म्हणून आणलेल्याही. अर्धी ट्यूब किती दिवसांत संपली हे डॉक्टरांना पाहिलं की लगेच कळतं.

सगळं नीट करूनही आकडा खाली येत नसेल, तर ते स्पष्ट बोला. काय राहिलं याचा हिशोब घरात पुन्हापुन्हा मांडत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना विचारा: निदान पुन्हा तपासायचं का, एखाद्या क्रीमचीच ॲलर्जी आहे का, औषधाची ताकद अपुरी पडते का, पुढचं औषध कोणतं. मध्यम ते तीव्र एक्झिमासाठी ड्युपिल्युमॅब हे इंजेक्शन २०२२ साली अमेरिकेत सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठीही मंजूर झालं आहे. सगळ्यांना ते लागत नाही. वारंवार तोंडावाटे स्टिरॉइड देण्याचा सल्ला कुणी दिला तर मात्र दुसरं मत घ्या. बंद केल्यावर एक्झिमा उसळून परत येतो.

पुष्कळ मुलांचा एक्झिमा मोठं होताना सौम्य होत जातो. काहींची त्वचा पुढेही कोरडी, नाजूक राहते. म्हणून चार-पाच वर्षांचं झालं की मुलाला दवाखान्यात खुर्चीवर स्वतंत्र बसवा आणि खाज कुठे येते, कोणतं मलम झोंबतं, हे डॉक्टरांना त्यालाच सांगू द्या.